हिरव्या शाईची सावड

कामशेत जवळ आलं की मी कंपनीच्या बसची खिडकी उघडते. एरवी मी खिडकी उघडणाऱ्यांतली नाही. लोणावळ्यात चार महिने ओल सोसलेलं माणूस वाऱ्याला जरा बिचकूनच असतं. पण दिवाळीच्या आगेमागे खाचरं पिवळी पडली, कापण्या सुरू झाल्या, की इंद्रायणी भाताचा वास थेट हमरस्त्यापर्यंत येतो. शिजलेल्या इंद्रायणीचा वास सगळ्यांना ठाऊक असतो. हा उभ्या पिकाचा, थोडा दुधाळ, थोडा गवताचा. बसमधले लोक डोळे मिटून तो ओढून घेतात. माझ्या मात्र पोटात दुखायला लागतं. सहा वर्षं झाली, तरी हा वास आला की मला सुनंदाचा हेवा वाटू लागतो, आणि थोड्याच वेळात कान्हे फाट्यावर ती स्वतःच बसमध्ये चढते.

"सरका, मेधाताई," ती म्हणते.

मी सरकते.

नवलाख उंबरे गावाच्या अलीकडे शेतीची यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे, तिथे आम्ही दोघी काम करतो. ओळखपत्रावर 'तांत्रिक लेखिका' असं भारदस्त लिहिलेलं आहे. यंत्राच्या खोक्यात जी पुस्तिका असते, जी लोक आधी काढून बाजूला ठेवतात आणि यंत्र बंद पडल्यावर शोधत बसतात, ती आम्ही लिहितो. तिच्यावर आमचं नाव नसतं. चांगली लिहिली तर कुणाला कळत नाही, वाईट लिहिली तर कारखान्याला फोन येतात. अशा बिननावाच्या वाक्यांवरून एखाद्या बाईचा इतका जळफळाट होऊ शकतो, हे माझं मलाच खरं वाटलं नसतं.

माझे वडील तळेगावच्या शाळेत मराठी शिकवायचे. घरात जेवताना कुणी एखादा शब्द ढिसाळ वापरला तर घास थांबायचा. निबंधाची बक्षिसं, वक्तृत्वाचे पेले, सगळं माझ्या नावावर. सुनंदा आमच्या विभागात आली ती दुरुस्ती विभागातून. कान्ह्याच्या शेतकऱ्याची मुलगी, डिप्लोमा केलेली, दोन वर्षं गावोगाव फिरून मळणी यंत्रं दुरुस्त केलेली. तिला लिहायला आमच्याकडे पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं, बिचारीला सगळं शिकवावं लागणार. मी मनातल्या मनात वेळही काढून ठेवला होता.

आमच्याकडे गुरुवारी अदलाबदल असते. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, घालून दिलेली पद्धत. तुझा मसुदा मी वाचायचा, माझा तू. पण खुर्चीत बसून नाही. वाचणारीने कागद घेऊन यंत्रापाशी उभं राहायचं आणि लिहिलं असेल तेवढंच करायचं, कमी नाही आणि जास्त नाही. लिहिणारीने शेजारी तोंड मिटून उभं राहायचं. "म्हणजे मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य बंदच. सर म्हणायचे, "शेतकऱ्याच्या शेतात तुम्ही समजवायला जाणार आहात का?" गप्प राहण्याचा नियम फक्त लिहिणारीला, बाकी कुणीही बोललं तरी चालतं. मग वाचणारीने समासात शेरे लिहायचे, तेही हिरव्या शाईने, कारण लाल शाई बघितली की आम्हा सगळ्यांना शाळा आठवायची. शेरा स्वीकारायचा की नाकारायचा हा हक्क लिहिणारीचा. फक्त नाकारला तर शेजारी कारण लिहायचं.

सर याला पीअर रिव्ह्यू म्हणायचे. सुनंदाने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव सावड ठेवलं. "आमच्याकडं लावणीला करतात ना, तसंच. आज मी तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही माझ्या." सगळ्यांना ते नाव फार आवडलं. मलाही आवडलं, आणि ते मला सुचलं नाही याची पहिली बारीक कळ तेव्हा आली.

माझा पहिला मसुदा तिने वाचला तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. 'टाकीचे झाकण काढून तेल भरावे', असं मी लिहिलं होतं. तिने झाकण काढलं, डबा उचलला आणि ती ओतत राहिली. टाकी भरली, तेल वरून वाहायला लागलं, तिच्या चपलांपर्यंत आलं. मी ओठ दाबून उभी. ती त्या तेलात शांतपणे उभी राहून पुढचं वाक्य वाचत होती. डबा रिकामा झाल्यावरच तिने तो खाली ठेवला. समासात लिहिलं, "कुठवर ओतायचं ते सांगितलेलं नाही." एवढंच. चिडचिड नाही, टोमणा नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिचा मसुदा माझ्याकडे आला. खोटं कशाला बोलू, मी चुका शोधायलाच गेले होते. कागद हातात धरून एकेक वाक्य वाचत गेले आणि हात आपोआप चालत गेले. कुठे अडले नाही, कुठे मागे वळून पाहावं लागलं नाही. शेवटच्या वाक्याला यंत्र सुरू झालं. सुरू झालेल्या यंत्रासमोर हिरमुसून उभी राहिलेली बाई त्या कारखान्यात दुसरी नसेल. जागेवर आले आणि तिच्या पानांवर एकेचाळीस शेरे लिहिले. 'हे बोलण्यातले वाटते.' 'असे लिहिण्याची पद्धत नाही.' तिने तीसएक स्वीकारले, वर "थँक्यू ताई" म्हणाली. उरलेल्यांसमोर कारणं लिहिली होती. ती सगळी बरोबर होती.

हेवा हा मोठ्या गोष्टींचा असतो असं लोकांना वाटतं. माझा हेवा फार किरकोळ होता. ती वाक्य लिहिण्याआधी हवेत हात हलवून बघायची, जणू समोर यंत्र आहे, त्याचा मला हेवा वाटायचा. ती डबा उघडून पिठलं-भाकरी खाता खाता माझ्या एखाद्या परिच्छेदाबद्दल सहज म्हणायची, "ताई, हे चौथं आधी घेतलं तर?" आणि ते चौथं वाक्य मी आठवडाभर हलवून हलवून दमलेली असायचे. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "आज काय झालं?" काय सांगणार? एका बाईने माझं चौथं वाक्य पहिलं केलं.

सहा वर्षांपूर्वी असाच कापणीचा सुमार होता. नवं मळणी यंत्र येणार होतं आणि त्याची मराठी पुस्तिका माझ्याकडे होती. शिवाय सर निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे मराठी पुस्तिकांवर अखेरची सही कुणाची, हे या पुस्तिकेनंतर ठरणार होतं. एकतर माझी किंवा सुनंदाची. त्या सहीशिवाय एक पान छापायला जात नाही. ती सही मला हवी होती. बाबा तेव्हा हयात होते, त्यांना सांगायला हवी होती, आणि त्याहून जास्त म्हणजे सुनंदाला मिळायला नको होती.

माझ्या मसुद्यात वाक्य होतं, 'पेंढा अडकल्यास यंत्र बंद करून झाकण उघडावे व पेंढा काढावा.' गुरुवारी सुनंदाने त्याच्यासमोर हिरव्या शाईने लिहिलं, "इंजिन बंद केलं तरी आतला मळणीचा ढोल फिरत राहतो. असं लिहू या का: ढोल थांबू द्या. थांबलेला डोळ्यांनी बघा. मगच झाकण उघडा."

मी ते वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक दाखवली म्हणून नाही. ते वाक्य इतकं चांगलं होतं म्हणून. तीन तुकडे, तिन्हीत एकही शब्द जास्तीचा नाही, आणि वाचताना डोळे खरंच ढोलाकडे जातात. ते माझ्या पुस्तिकेच्या मधोमध बसलं असतं आणि आजूबाजूची माझी सगळी वाक्यं सुतकी दिसली असती. मी शेरा नाकारला. कारण लिहिलं, 'शैलीत बसत नाही.' आणि अगदीच दुर्लक्ष केलं असं नको म्हणून माझं वाक्य बदललं, 'यंत्र पूर्णपणे बंद झाल्याची खात्री करून झाकण उघडावे.' सुनंदाने कारण वाचलं, मान हलवली आणि पान उलटलं.

नव्या यंत्राची पुस्तिका छापण्याआधी एकदा शेतात वाचली जाते, ते यंत्र कधी न पाहिलेल्या माणसाकडून. त्या वेळी सुनंदाच म्हणाली, "आमच्या आबांना देऊ. इंद्रायणी कापून पडलीय."

तर कान्हे. सकाळचं कोवळं ऊन, खाचरात कापलेल्या भाताचे खुंट, त्यांत अजून पाणी धरलेली ढेकळं. माझ्या सॅंडलांची दैना. बांधावर पेंढ्यांची रास आणि तिच्यावर दव. सुनंदाची आई मला बघून पुढे आली. "लोनावळ्याच्या न्हवं तुमी? आमची पोरगी लय बोलती तुमच्याबद्दल. ताई असं लिवतात, ताई तसं लिवतात." मला तेव्हा तिथून पळून जावंसं वाटलं. "मावशी, चहा नको," म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "नको कशापाई? आनते की," आणि घराकडे गेल्याही.

आबांनी, म्हणजे सुनंदाच्या वडिलांनी, चष्मा लावला. पुस्तिका लांब धरली, जवळ घेतली. "अक्षर लय बारीक हाय," म्हणाले. मग एका बोटाने ओळ धरून मोठ्याने वाचायला लागले, आणि वाचतील तसं करायला लागले. मी शेजारी, तोंड मिटून. पलीकडे सुनंदा, हाताची घडी घालून, अगदी निवांत. सरांना फोन आला म्हणून ते दुसऱ्या बांधावर पाठ करून उभे राहिले. यंत्र सुरू झालं, आबांनी पेंढी आत धरली, दाणे पडायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझं पुस्तक चालत होतं, आणि तेवढा वेळ मी खरोखर सुखात होते.

पण पेंढ्या दवाने ओल्या होत्या. चौथी की पाचवी आत गेली आणि पेंढा अडकला. आबांनी पुस्तिका उचलली, पान शोधलं, बोट ठेवलं. "यंत्र पूर्णपणे बंद झाल्याची खात्री करून..." त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांतता. त्या शांततेत आत ढोलाची घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती. "झालं बंद," आबा म्हणाले. "खात्री हाय की!" आणि त्यांचा हात झाकणाकडे गेला.

आबांना कमी ऐकू येतं हे मला तेव्हा कळलं. 'डोळ्यांनी बघा' कुणासाठी लिहिलं होतं तेही तेव्हाच कळलं.

"आबा, ढोल थांबू द्या!" मी किंचाळले. "थांबलेला डोळ्यांनी बघा! मगच झाकण उघडा!"

त्यांनी हात मागे घेतला. पेंढी घालायच्या तोंडातून दिसणाऱ्या ढोलाकडे आम्ही सगळे तो थांबेपर्यंत बघत राहिलो. तो बराच वेळ फिरला.

सर धावत आले. काय झालं ते आबांनीच हसत सांगितलं, "बाई वरडली म्हून बरं, न्हाईतर बोटं गेलती." सरांनी पुस्तिका उघडून पाहिली. "हे यात नाही. फार चांगलं वाक्य आहे, असंच्या असं घाला. कुणाचं?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी सरांकडे बघत होते.

"सुचलं आत्ता," मी म्हणाले.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. सुनंदा म्हणाली, "भात ओला होता, म्हणून अडकला," आणि कप द्यायला लागली. निघताना मावशींनी नव्या इंद्रायणीच्या तांदळाची पिशवी माझ्या हातात ठेवली. ती त्यांना सुनंदाने भरायला सांगितली होती.

सही मला मिळाली. पुस्तिका छापली, ते वाक्य इतकं आवडलं की त्याची पट्टी करून झाकणावरच चिकटवायचं ठरलं. आता मावळातल्या कितीतरी खळ्यांवर ते वाक्य आहे. बाबांना मी पट्टी नेऊन दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. "बघ, एक शब्द काढता येत नाही," म्हणाले. बक्षिसांच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्या वाक्याला असं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते तिच्या वाक्याला.

सुनंदा कुणाजवळ काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. दर गुरुवारी तिचे मसुदे माझ्याकडे येतात, माझे तिच्याकडे जातात, तीच हिरवी शाई. दर वर्षी कापणी झाली की दोन पायली नवा तांदूळ माझ्या टेबलाखाली येऊन बसतो. मी तो घरी नेते. कुकरचं झाकण उघडलं की शेजारच्या बाई विचारतात, "मेधा, इंद्रायणी का गं?" सगळे जण मिटक्या मारत खातात. मलाही आवडतो, आणि प्रत्येक घासाला राग येतो.

कारण माझा हेवा तोपर्यंत जागा बदलून बसला होता. आधी मला तिच्या वाक्यांचा हेवा वाटायचा. त्यावर निदान इलाज होता, जास्त मेहनत करावी, चांगलं लिहावं. आता मला तिच्या गप्प राहण्याचा हेवा वाटायला लागला. एवढं मोठं मन घेऊन ही बाई रोज माझ्या शेजारी बसते, शेंगदाण्याची चिक्की मोडून अर्धी मला देते, तिच्या सासूच्या तक्रारी सांगते. तिच्या जागी मी असते तर सगळ्या कारखान्याला गोळा केलं असतं. चांगल्या लिहिणारीची बरोबरी कधीतरी करता येते. चांगल्या माणसाची कशी करतात ते मला माहीत नाही.

परवा कामशेतला बस थांबली होती. रस्त्याकडेच्या खळ्यावर आमचंच यंत्र चाललं होतं, जुनं, पट्टी उन्हाने पांढरी पडलेली. एक बाई आपल्या माणसावर डाफरत होती. "थांबू दे की त्यो ढोल! डोळ्यानं बग आदी!" तिने पुस्तिका वाचली नसणार. पट्टीवरची अक्षरंही आता दिसत नव्हती. ते वाक्य तिच्या तोंडात तिचंच होऊन गेलं होतं. पुढे कान्हे फाट्याला सुनंदा चढली, "सरका, मेधाताई" म्हणाली, आणि मला वाटलं, आता पुरे. घरी जाऊन हे सगळं लिहून काढलं, इथपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी ही पानं तिला दिली. "पुस्तिका नाही," म्हटलं, "पण सावड आहे." तिने बसमध्येच वाचायला घेतली. मी लिहिणारी, म्हणून फाटकापर्यंत तोंड मिटून बसले. वासासाठी उघडलेल्या खिडकीतून धूळ येत होती, तरी खिडकी बंद केली नाही. वाचून झाल्यावर तिने पानं पिशवीत घातली आणि आज सकाळी परत दिली.

सुरुवातीला बारीकसारीक आहे. 'एकेचाळीस नव्हते, त्रेपन्न होते. माझ्याकडे ती पानं आहेत.' 'पिठलं नाही, झुणका.' 'सासूबद्दलचं काढा, त्या वाचतात.' मग शेताचं पान. 'सुनंदा, हाताची घडी घालून, अगदी निवांत' याच्या खाली तिने रेघ मारली आहे आणि सगळा समास भरवला आहे.

"इथे एक पायरी सुटली आहे. गप्प राहण्याचा नियम लिहिणारीला होता. मला नव्हता. आबांना ऐकू येत नाही हे तिथे फक्त मला माहीत होतं. ढोल फिरतोय हे मला दिसत होतं. आबांचा हात झाकणाकडे गेला तेव्हा मी आबांकडे बघत नव्हते, तुमच्याकडे बघत होते. तुमचं वाक्य चुकलेलं सगळ्यांना दिसू दे, एवढंच माझ्या मनात होतं. तुम्ही ओरडला नसतात तर मी ओरडले असते, असं सहा वर्षं स्वतःला सांगते आहे. खात्री नाही. म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. तांदूळही त्यासाठीच."

हे वाचून पहिल्यांदा काय वाटलं तेही सांगते. हेवाच वाटला. सहा वर्षांचं जे मी पानंच्या पानं भरून लिहिलं, ते तिने एका समासात लिहिलं होतं, आणि माझ्यापेक्षा खरं.

मग मी पेन उघडलं. तिचा शेरा एक अक्षर न बदलता वर घेतला आहे. स्वीकारला की कारण लिहावं लागत नाही.